डबा उघडतो तिथेच निरोप
किनाऱ्याने चालत जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. बाणकोट खाडीपासून मालवणपर्यंत किनारा धरून चालत जायचं तुम्ही ठरवलंत आणि वाटेतला शिधा पोचवायचं काम आमच्याकडे दिलंत, आभारी आहोत. आमचा व्याप लहान आहे. एक टेम्पो, तीन माणसं आणि पत्र्याचे चाळीसेक डबे. आम्ही तुमच्याबरोबर चालत नाही, वाटाड्या देत नाही. ठरलेल्या गावी ठरलेल्या दिवशी तुमचा डबा हजर, एवढीच आमची हमी. हे पत्रक फोनवरही पाठवलं आहे, तरी कागद पाठपिशवीत असू द्या. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, रेंज जाते, कागद जात नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. सोबत्यांपैकी कुणाला परत फिरायचं असेल किंवा एका गटाचे दोन करायचे असतील, तर ते डबा ठेवलेल्या गावीच करा. मधल्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) नको, सड्यावर नको आणि तरीच्या, म्हणजे होडीने खाडी ओलांडायच्या जागेच्या, धक्क्यावर तर मुळीच नको. इतक्या वर्षांत आमच्या ग्राहकांचे जे हाल झाले त्यातले निम्मे तरी चुकीच्या जागी घेतलेल्या निरोपामुळे झाले. वाट चुकून हरवलेली माणसं त्या मानाने थोडी.

डबे कुठे असतात

हर्णै, गुहागर, मालगुंड, पावस आणि विजयदुर्ग. सहावा मालवणला, पण त्यात फक्त परतीचे कपडे. दोन डब्यांमध्ये साधारण तीन ते पाच दिवसांची चाल येते. पूर्वी आम्ही गोणपाटाच्या पिशव्या ठेवायचो. उंदरांनी शेंगदाणे खाल्ले, मुंग्यांनी गूळ आणि एका पडवीत कोंबडीने पिशवीवर अंडं घातलं. तेव्हापासून पत्र्याचे डबे. झाकणाला सुतळी, सुतळीला चिठ्ठी, चिठ्ठीवर गटाचा क्रमांक आणि माणसं किती ते. हा माणसांचा आकडा नीट लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

गणपतीपुळ्याऐवजी शेजारचं मालगुंड का, असं बरेच जण विचारतात. अंगारकी आली की पुळ्यात माणसाला उभं राहायला जागा नसते, तिथे डबा कुठे ठेवणार? मालगुंडात पडवी मिळते, विहिरीचं पाणी मिळतं आणि काकूंना आदल्या दिवशी फोन केलात तर घावनंही मिळतात. वेळासला आम्ही डबा ठेवत नाही. फेब्रुवारीपासून तिथे कासवं बघायला येणाऱ्यांनी घरं भरलेली असतात, शिवाय निघाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच तुम्ही तिथून पुढे गेलेले असता.

स्वतःचं काही सामान कुरियरने आमच्याकडे पाठवणार असाल तर पत्त्यात तालुका आणि जिल्हा लिहाच. एका ग्राहकाने गुडघ्याचा पट्टा आणि औषधं पाठवली, पत्त्यावर फक्त ‘मुरुड’. आम्ही हर्णैशेजारच्या मुरुडात, म्हणजे दापोली तालुक्यात, धोंडो केशव कर्व्यांच्या गावात वाट बघत बसलो आणि खोकं रायगडातल्या मुरुड-जंजिऱ्याला पोचलं. गृहस्थ चार दिवस काठी टेकत चालले. वेळासचंही तसंच आहे. एक मंडणगड तालुक्यात, दुसरं श्रीवर्धनकडे.

डब्यात काय येतं

माणशी दिवसाला ६०० ते ७०० ग्रॅम कोरडा शिधा आम्ही धरतो. तांदूळ, मूगडाळ, भाजके पोहे, मेतकूट, शेंगदाणे, गूळ, दोन प्रकारचे लाडू आणि कुळथाचं पीठ. शहरातल्या काही मंडळींना या पिठाचं काय करायचं ते कळत नाही आणि ते तसंच परत येतं, म्हणून सांगतो: गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका, वर लसूण-मिरचीची फोडणी किंवा नुसतं तिखट-मीठ, एक आमसूल, आणि सारखं ढवळत उकळी आणा. दहा मिनिटांत पिठी तयार. दिवसभर चालून आल्यावर गरम भातावर ती असली की दुसरं काही सुचत नाही. नूडल्सची पाकिटं हवी तर यादीत लिहा, देऊ. आमचं मत विचाराल तर पिठीच घ्या.

कोकमाचं आगळ, म्हणजे घट्ट रस, छोट्या बाटलीत देतो. त्यात मीठ असतंच. चमचाभर आगळ पाण्यात घालून दिवसातून दोनदा घ्या. उन्हात घाम गळून पोटऱ्यांना गोळे येतात, त्यावर याचा उपयोग होतो. जुलाब-उलट्या झाल्या तर मात्र आगळावर विसंबू नका, क्षारसंजीवनीची पाकिटं वेगळी दिली आहेत ती घ्या.

पाणी आम्ही देत नाही, ते गावात मिळतं. अडचण सड्यावर येते. जांभ्याचा सडा म्हणजे सपाट, तापलेला, ना झाड ना विहीर. पावसाळ्यात तिथे फुलांचा गालिचा असतो, जानेवारीत पाण्याचा थेंब नसतो. चढण्याआधी शेवटच्या वाडीत माणशी तीन-चार लिटर भरून घ्या. कुणाच्या विहिरीवर जायचं तर आधी विचारा. नाही कुणी म्हणत नाही, पण विचारलेलं बरं दिसतं.

गॅसची नळकांडी आम्ही टेम्पोतून स्वतः आणतो. कुरियरने पाठवू नका, ज्वालाग्राही माल ते घेत नाहीत. सुटे पैसे जवळ ठेवा. एटीएम मोठ्या गावातच सापडेल आणि होडीवाल्याकडे क्यूआर कोड असला तरी रेंज असेलच असं नाही. दुपारी एक ते चार दुकानं बंद, हे कोकणाबाहेरच्यांना दोनदा सांगावं लागतं. मालकाची झोप मोडून काडेपेटी मागू नका.

पावसला दुपारच्या प्रसादाच्या वेळी स्वामी स्वरूपानंदांच्या मठाशी पोचलात तर एका जेवणाचा शिधा वाचेल. पेटीत काहीतरी टाका म्हणजे झालं.

भरती-ओहोटी आणि तर

आमच्या पहिल्या नियमाचं मूळ खाड्यांत आहे. या किनाऱ्यावर सलग चालता येत नाही. दर दोन-तीन दिवसांनी नदी आडवी येते. दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, पूर्णगडला मुचकुंदी, विजयदुर्गच्या अलीकडे वाघोटण. दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड फेरीबोट आहे, गावात तिला जंगलजेटी म्हणतात. दाभोळची २००३ पासून चालू आहे, गाड्याही घेते. त्याआधी गुहागरला गाडीने जायचं तर चिपळूणवरून वळसा. इतर लहान खाड्यांवर कुठे पूल आहे, तो बराच आत. कुठे होडी, ती होडीवाला घरी असेल तर.

ओहोटीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, त्या सुमाराला पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती आणि त्याआधी साधारण सहा तास, पावणेदहाच्या आसपास, ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. रोज वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पुळण रुंद मिळते पण भरतीला सुरूच्या झाडांपर्यंत पाणी येतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी फारसं चढत नाही की उतरत नाही. हा अंदाज आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतोच. बंदरावरच्या माणसाला विचारून खात्री करा. खाडीचं मुख मात्र ओहोटीलाही पायी ओलांडू नका. गावातली माणसं जाताना दिसतील. त्यांना वाळू कुठे खचते ते माहीत असतं.

आता एका गटाची गोष्ट. सहा जण होते. चौघांचे पाय झपाझप, दोघांपैकी एकाच्या टाचेला फोड. ‘पुढच्या गावात भेटू’ म्हणून चौघे पुढे गेले, एका लहान खाडीवर शेवटची होडी मिळाली, पलीकडे गेले. मागचे दोघे पोचले तेव्हा दिवस मावळलेला आणि होडीवाला जेवायला घरी. चूल पलीकडे, तांदूळ अलीकडे. एका काठाला बॅटरी हलतेय, दुसऱ्या काठालाही बॅटरी हलतेय आणि मधे भरतीचं पाणी. अलीकडच्यांनी भिजवलेले पोहे खाल्ले, पलीकडच्यांना तेही नव्हते. सकाळी भेट झाली ती भांडणातच, आणि ते भांडण मालवणपर्यंत पुरलं.

म्हणून: पुढे गेलेल्याने एकट्याने खाडी ओलांडायची नाही. धक्क्यावर थांबायचं, सगळे आल्यावर एकत्र चढायचं. शिवाय ‘पुढच्या गावात’ हा पत्ता होत नाही. कोकणातलं एक गाव म्हणजे दहा वाड्या, डोंगराच्या या अंगाला चार आणि त्या अंगाला सहा. देवळाचं नाव सांगा, एसटीचा थांबा सांगा, वेळ सांगा आणि नाही आलो तर किती वाजेपर्यंत थांबायचं तेही सांगून ठेवा.

निरोप कसा घ्यायचा

कुणाची रजा संपते, कुणाचा गुडघा बोलू लागतो, कुणाला घरून फोन येतो. दोघांचं पटेनासंही होतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तीन आठवडे एका ताटातलं खाणं सोपं नसतं. यातलं काहीही झालं तरी पुढच्या डब्यापर्यंत कळ काढा. दुखापत मोठी असेल तर अर्थात तिथूनच १०८ ला फोन करा आणि मग आम्हाला.

एक कारण असं की डब्याच्या गावाहून परतीला गाडी मिळते. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आहे, पण रूळ किनाऱ्यापासून बरेच आत, त्यामुळे आधी एसटी. हर्णैहून दापोली आणि पुढे खेड स्टेशन. गुहागरहून चिपळूण, साधारण ४५ किलोमीटर. मालगुंड आणि पावसहून रत्नागिरी. विजयदुर्गला एसटीचं आगारच आहे, तिथून कणकवलीकडे जाता येतं. मालवणहून कुडाळ. महिलांना २०२३ पासून एसटीचं तिकीट अर्धं आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ते लागतच नाही, फक्त ओळखपत्र दाखवा. उशीर झाला तर मुक्कामी गाडीची चौकशी करा. रात्री गावात वस्तीला राहिलेली एसटी पहाटे उजाडायच्या आत सुटते आणि चुकली की मग दुपार.

दुसरं कारण शिध्याचं. डबा उघडल्यावर सगळं जमिनीवर मांडलेलं असतंच, तेव्हाच वाटणी करा. जाणाऱ्याने वाटेपुरता खाऊ ठेवावा, बाकी मागे सोडावं. चूल, मोठं पातेलं, प्रथमोपचाराची पिशवी आणि दोरी चालणाऱ्यांकडे. गटाचे दोन होणार असतील तर दुसरी चूल टेम्पोतून पाठवतो, पण एक दिवस आधी कळवा. जाणाऱ्याच्या पाठपिशवीत दुसऱ्याची औषधं, चार्जर, चष्मा राहिला नाही ना ते प्रत्येकाने आपल्या हाताने बघावं. कॉन्ट्रीचे, म्हणजे सामाईक खर्चाच्या वाट्याचे, पैसे तिथल्या तिथे मिटवा. ‘मुंबईला गेल्यावर बघू’ म्हणून राहिलेले तीनशे रुपये आम्ही मैत्री संपवताना पाहिलेत.

मग आम्हाला फोन करून माणसांचा नवा आकडा सांगा. हे विसरू नका. सहाचे चार झाल्याचं कळलं नाही तर पुढच्या डब्यात सहांचा शिधा येतो. तो उचलून चालायचा तुम्हाला आणि दोन माणसं कमी दिसली म्हणून गावभर चौकशी करायची आम्हाला. कमी झालेल्या माणसाच्या न उघडलेल्या डब्यांचे पैसे परत देतो. उघडलेल्याचे नाही.

दोघांचाच गट असेल आणि एक जण परत फिरला, तर दुसऱ्याने पुढचा टप्पा एसटीने करावा अशी आमची विनंती आहे. पावस ते विजयदुर्ग या टप्प्यात एकट्याने सड्यावर जाऊ नये. ऐकलं नाहीत तर आम्ही अडवू शकत नाही, पण रोज संध्याकाळी सातला तुमचा फोन आला नाही तर घरच्यांना कळवू. त्यासाठी घरचा एक नंबर अर्जावर घेतलेला आहे.

निघणाऱ्याला ‘जा’ म्हणू नका आणि निघणाऱ्यानेही ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं. पडवीच्या मालकीणबाई हातावर साखर ठेवतील, ती खाऊन निघा. यात आमचा काही नियम नाही, पण त्या ऐकणार नाहीत.

थोडं व्यवहाराचं

नोंदणी १५ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर. पावसाळ्यात आम्ही काम घेत नाही, लहान होड्या तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. शिध्याची यादी निघण्याआधी दहा दिवस द्या. पथ्याचं, उपासाचं, मासे खाता की नाही ते सगळं त्यात लिहा. डबा ठरलेल्या दिवसानंतर दोन दिवस पडवीत राहतो, उशीर होणार असेल तर कळवा.

डबा रिकामा झाला की झाकण, सुतळी आणि चिठ्ठीसह तिथेच ठेवा. झाकण ताटासारखं वापरायला बरं पडतं हे आम्हालाही माहीत आहे, पण मागच्या मोसमात सात झाकणं मालवणपर्यंत चालत गेली.