कापरेकर, दत्तात्रय रामचंद्र

कापरेकर, दत्तात्रय रामचंद्र : (१७ जानेवारी १९०५ – १९८६). भारतीय अंकगणिती. जन्म डहाणू येथे. ते आठ वर्षांचे असताना आई वारली. वडील कारकून; त्यांना ज्योतिषाचा नाद होता, आणि आकडेमोडीची गोडी मुलाला घरातच लागली. शालेय शिक्षण ठाण्यात, पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. तेथे १९२७ मध्ये स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एससी. झाल्यावर औपचारिक शिक्षण संपले. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

‘कापरेकर स्थिरांक’ म्हणजे ६१७४. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करावी आणि उत्तरावर तेच पुन्हा करावे. कापरेकरांचेच जन्मवर्ष घेऊ : ९५१० − ०१५९ = ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. यापुढे कितीही वजा केले तरी उत्तर हलत नाही. कोणत्याही संख्येला सातापेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत, म्हणजे १९०५ ने सर्वांत लांबची वाट धरली. हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. तीन अंकी संख्यांसाठी ४९५ हेच काम करते.

‘कापरेकर संख्या’ वेगळ्या. २९७ चा वर्ग ८८२०९. त्याचे ८८ आणि २०९ असे तुकडे करून बेरीज केली की पुन्हा २९७. तसेच ४५ : वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५.

संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते, उदा., २१ + २ + १ = २४. अशा रीतीने कोणापासूनच न जन्मणाऱ्या २०, ३१, ४२ यांसारख्या संख्यांना त्यांनी ‘स्वयंभू’ म्हटले. ‘देवळाली संख्या’ हेही त्यांचेच नाव. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी ती ‘हर्षद’ संख्या. रामानुजन यांच्या नावाशी जोडलेली १७२९ हर्षद आहे (१९ × ९१), आणि ६१७४ सुद्धा (१८ × ३४३). १२१, १२३२१ अशा ‘डेमलो’ संख्यांचे नाव मात्र जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या स्थानकाचे, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे; ही कल्पना तेथे सुचली म्हणून.

हे सारे गुणधर्म दशमान लेखनपद्धतीवर बेतलेले आहेत. दहाचा पाया बदलला की ६१७४ ची जादू उरत नाही. त्यामुळे व्यावसायिक गणितींनी या कामाकडे बराच काळ करमणूक म्हणून पाहिले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पण चौथीतल्या मुलाला येणाऱ्या वजाबाकीत इतके काही दडले आहे हे आधी कोणाच्या नजरेस आले नव्हते, हेही खरे. कापरेकर पदरमोड करून पुस्तिका छापत आणि परिषदांना जात. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयातही शिकवण्या घेत. १९७५ मध्ये अमेरिकन गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधील सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले. मास्तर तेव्हा सत्तरीचे होते. त्यांचे निधन देवळालीलाच झाले.