साध्या स्टिकच्या वेषातला क्यू: ‘स्नीकी पीट’ची पार्श्वभूमी

पूल म्हणजे बिलियर्डसारखा, टेबलावर स्टिकने चेंडू मारायचा खेळ. सोलापुरातल्या पूल पार्लरमध्ये शिरलं की नवखा माणूस आधी भिंतीवरच्या रॅककडे जातो. तिथल्या स्टिकपैकी कुणाची टिप, म्हणजे चेंडूला लागणारं टोक, गुळगुळीत झालेली असते, कुणी मधोमध वाकलेली. टेबलावर लोळवून बघायची आणि त्यातल्या त्यात सरळ ती उचलायची, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. रोज खेळणारी पोरं पाठीला स्टिक ठेवायची लांब पेटी, म्हणजे केस, अडकवून येतात. कधी कधी त्या केसमधूनही रॅकवरच्यासारखीच स्टिक बाहेर पडते. मुठीवर दोऱ्याची गुंडाळी नाही, शिंपल्याची नक्षी नाही, सांध्याला स्टीलची कडी नाही. ती रॅकमधल्या स्टिकच्या कित्येक पट किमतीची आहे हे कळल्यावर बघणारा विचारतो, ‘मग दिसायला अशी का?’

खेळायच्या स्टिकला क्यू म्हणतात, आणि अमेरिकेत अशा साध्या दिसणाऱ्या क्यूला ‘स्नीकी पीट’. त्याची गोष्ट सुरू होते ती ज्याची तो नक्कल करतो त्या क्लबच्या, म्हणजे रॅकवर सगळ्यांसाठी ठेवलेल्या, क्यूपासून.

लाकूडकाम करणाऱ्या जॉन मोझेस ब्रन्सविक यांनी 1845 मध्ये सिनसिनाटीत स्वतःचं दुकान काढलं. पुढे त्यांची कंपनी बिलियर्ड टेबलांच्या धंद्यात अमेरिकेतली सर्वांत मोठी झाली. टेबलाबरोबर क्लबला क्यूही लागत. ते एकसंध असत, साधारण 57-58 इंच लांब. विसाव्या शतकात ब्रन्सविकचा ‘टायटलिस्ट’ हा त्यातला वरच्या दर्जाचा क्यू होता. आज क्लबची स्टिक म्हटलं की हलका माल डोळ्यांसमोर येतो. टायटलिस्ट तसा नव्हता. पुढे मेपलचं फिकट, कठीण लाकूड, मुठीकडे गडद आणि जड लाकूड. दोन्ही लाकडांना लांब खाचा पाडून ती बोटांत बोटं गुंतवावीत तशी एकमेकांत बसवत आणि डिंकाने पक्की करत. नंतर लेथवर गोल कातलं की गडद लाकडाची चार टोकं फिकट मेपलमध्ये भाल्यासारखी चढलेली दिसत. कडेने पातळ रंगीत पट्ट्या असत.

ही टोकं शोभेची वाटतात, पण तो खरा सांधा आहे. सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागू नये. जेकार्ड मागावरच्या चादरीत नक्षी विणीतच असते, म्हणून ती उलट बाजूलाही उमटते. छापलेल्या कापडाची मागची बाजू फिकी असते. स्वस्त क्यूवर हीच चार टोकं चिकटचित्र म्हणून डकवलेली असतात. नख लावलं तर कडेला जाणवतात, आणि वर्षभर हाताचा घाम लागला की सुटायला लागतात.

त्या काळातल्या नामवंत कारागिरांनी उत्तम क्यू घडवायला हा क्लबचा क्यूच कच्चा माल म्हणून घेतला. शिकागोचे हर्मन रॅम्बो एकसंध क्यू कापून, मध्ये स्क्रूचा सांधा बसवून दोन भागांचे क्यू करून देत. रशियात 1912 मध्ये जन्मलेले आणि लहानपणीच अमेरिकेत आलेले जॉर्ज बालाबुष्का 1959 पासून क्यू बनवू लागले. त्यांच्या सुरुवातीच्या कित्येक क्यूंच्या पोटात ब्रन्सविकचा टायटलिस्टच आहे. 1975 मध्ये ते गेले. आज संग्राहक त्यांच्या क्यूला मोटारीएवढी किंमत मोजतात. म्हणून ‘साधा क्यू’ आणि ‘भारी क्यू’ ही वाटणी मला पटत नाही. दोघांचं लाकूड एकच होतं. एकावर कडी, दोरा, नक्षी चढली आणि दुसरा तसाच ठेवला, इतकाच फरक.

तसाच ठेवण्यामागे मात्र पैसा होता. गावोगाव फिरून पैजेवर पूल खेळणाऱ्यांना तिकडे हसलर म्हणत. अनोळखी गावात केस उघडून नक्षीदार क्यू जोडणारा माणूस आपली ओळख खेळाआधीच सांगून मोकळा होई. मग पैज लावणार कोण? त्याला हवा होता सांधा, तोल आणि टिप आपल्या सवयीची असलेला, पण रॅकमध्ये मिसळून जाणारा क्यू. म्हणून सांधा लाकडाला लाकूड भिडवून केला. स्टीलचा खिळा पूर्ण आत, बाहेर कडी नाही, दोन्ही बाजूंच्या मेपलचे रेषे शक्य तितके जुळवलेले. घट्ट फिरवल्यावर केसाएवढी रेघ उरते, आणि पार्लरच्या मंद उजेडात तीही दिसत नाही. सोबत्याकरवी असा क्यू आधीच रॅकमध्ये ठेवून द्यायचा आणि मग ‘सहज’ तोच उचलायचा, असेही किस्से सांगितले जातात.

त्यातली फसवणूक मला आवडत नाही. समोरच्याची आठवड्याची मजुरी अशी काढून घेणं ही लबाडीच आहे. पण तो अदृश्य सांधा करणाऱ्या हाताला दाद द्यायलाच हवी. कडी असली की तिच्याखाली थोडी चूक झाकली जाते. इथे झाकायला काहीच नाही.

हे जग 1961 मध्ये उजेडात आलं. त्या वर्षी हसलरच्या आयुष्यावरचा एक हॉलिवूडपट गाजला. त्याच वर्षी इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटी या छोट्या गावात जान्स्को बंधूंनी पैजेच्या खेळाडूंसाठी स्पर्धा सुरू केल्या. चोरून फिरणारे लोक नावानिशी लोकांसमोर आले. 1972 मध्ये तिथे सरकारी धाड पडली आणि तो मेळा मोडला.

आपल्याकडे वाट वेगळी होती. स्नूकर 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला, आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. या क्लबी परंपरेत स्वतःचा क्यू आणणं प्रतिष्ठेचं होतं, त्यामुळे तो लपवायची गरज पडली नाही. सोलापूरच्या पार्लरमध्येही पैज बहुधा ‘हरेल त्यानं टेबलचं भाडं द्यायचं’ एवढीच. समोरचा कसा खेळतो हे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक. स्टिक लपवून उपयोग काय?

तरीही हा क्यू इथे घेतला जातो, आणि तो बरोबर निर्णय आहे असं मला वाटतं. सजावटीचा खर्च नसल्याने पैसे लाकूड, सांधा आणि टिपेवर जातात. अमेरिकेतल्या बहुतेक नामांकित कंपन्या आता स्नीकी पीट उघडपणे विकतात. काहींनी सांध्याला बारीक कडी आणि मुठीवर स्वतःचं नावही टाकलं आहे, म्हणजे वेष उरलाच नाही. त्यात काळा कार्बन फायबरचा शाफ्ट, म्हणजे पुढचा भाग, लावला की हा क्यू लांबूनही वेगळा ओळखू येतो.

घेताना चार टोकं नीट बघा. खऱ्या सांध्यात ती किंचित कमीजास्त उंचीची असू शकतात. तो दोष नव्हे. दोन्ही भाग वेगवेगळे लोळवून बघा, मग जोडून. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो, तेव्हा क्यू गाडीच्या डिकीत ठेवू नका. घरीही जोडून भिंतीला तिरका टेकवू नका. सुटा करून केसमध्ये ठेवा.