खारीची शिकार : मक्याच्या राखणीपासून परवान्यापर्यंत

अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत शिकार शिकणाऱ्या पोराला हरणाआधी खारीमागे धाडायचं, हा जुना शिरस्ता. त्याचं मूळ मात्र पिकाच्या राखणीत आहे.

वसाहतींच्या काळात करड्या खारी झुंडीने मक्यावर पडत. मेरीलँडने १७२८ मध्ये कायदाच केला : करदात्यांनी दरवर्षी ठरावीक खारींच्या टाळूची कातडी किंवा कावळ्यांची डोकी हजर करायची, नाहीतर दंड. पेनसिल्व्हेनियाने १७४९ मध्ये खारीमागे तीन पेन्स इनाम लावलं आणि तिजोरीतून ८,००० पाउंड गेले. म्हणजे ६,४०,००० खारी! पुढे इनाम निम्म्यावर आणावं लागलं.

याच पेनसिल्व्हेनियात जर्मन कारागिरांनी लांब नळीची रायफल घडवली. नळीच्या आत पीळ पाडलेले, गोळी लहान. शिसं आणि दारू दोन्ही वाचायची. एवढ्याशा जनावरावर जाड गोळी बसली तर खायला काही उरत नाही, त्यामुळे नेम डोक्यावरच धरायचा. पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑडुबॉनने डॅनियल बून या नामांकित शिकाऱ्याची एक तऱ्हा लिहून ठेवली आहे : खारीला न मारता तिच्या पोटाखालच्या सालीवर गोळी झाडायची; साल उडते आणि त्या दणक्यानेच खार मरते. मांस शाबूत. मग केंटकीत बर्गू, व्हर्जिनियात ब्रन्सविक स्ट्यू अशी मोठ्या भांड्यात रटरटणारी कालवणं त्यातूनच व्हायची.

हा नेम युद्धातही मागितला गेला. अमेरिकेच्या यादवी युद्धात, सप्टेंबर १८६२ मध्ये दक्षिणेकडच्या फुटीर राज्यांचं सैन्य सिनसिनाटीच्या वेशीपर्यंत आलं, तेव्हा ओहायोचे गव्हर्नर डेव्हिड टॉड यांच्या हाकेला १५,७६६ माणसं घरच्या बंदुका घेऊन धावली. मोठी लढाई झालीच नाही, पण ‘स्क्विरल हंटर्स’ हे नाव त्यांना कायमचं चिकटलं.

दरम्यान ओक, हिकरीची जुनी रानं तुटत गेली आणि खारीही विरळ झाल्या. ज्यांना मारायची सक्ती होती, त्यांनाच वाचवायला हंगाम आणि रोजची मर्यादा आली. माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हेच. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव कामाकडे वळवला. आजचा शिकारी काडतूस घेतानाच त्यात भर घालतो.

आपल्याकडे हा छंद करता येत नाही. शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीला बंदी आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाने हात घालायचाच तर आधी राज्याचा परवाना आणि सुरक्षिततेचं प्रशिक्षण बघावं. बाकी धडे जुनेच : उजाडायच्या आधी फळं धरलेल्या हिकरीखाली बसायचं, हलायचं नाही, कुरतडलेल्या टरफलांचा पाचोळ्यावर पडणारा आवाज ऐकायचा. आणि पॉइंट टू-टूची (लहान रायफलची) गोळी मैलभराहून लांब जाऊ शकते, म्हणून मागे जाड खोड किंवा टेकडी असल्याखेरीज रायफल झाडायची नाही. मोकळ्या आभाळाकडे तर नाहीच.