डिस्क दिसत नाही, पण नेमकी कोणाला?

नव्याने विंडोज टाकायला बसावं, पेन ड्राइव्हवरून सेटअप सुरू व्हावा, आणि जिथे डिस्कची यादी यायला हवी तिथे नुसता रिकामा चौकोन. सोबत एक ओळ: एकही ड्राइव्ह सापडला नाही. कालपर्यंत याच डिस्कवर काम चाललं होतं! बहुतेकांच्या मनात लगेच येतं की डिस्क गेली. मग घाईने नवी मागवली जाते, नाहीतर जुनीवर नको ते प्रयोग होतात.

'दिसत नाही' हे वाक्य अर्धवट आहे. कोणाला दिसत नाही, ते आधी पाहावं.

संगणक सुरू झाला की डिस्कची पहिली विचारपूस करतं ते मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे आपण सवयीने ज्याला बायोस म्हणतो ते. त्यानंतर पाळी सेटअपची. सेटअप म्हणजे रॅममध्ये चालणारं एक छोटं विंडोजच. त्याच्याजवळ सोबत बांधून दिलेले ड्रायव्हर, म्हणजे संगणकाच्या एकेका भागाशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम, तेवढे असतात, तुमच्या जुन्या विंडोजमध्ये काय काय होतं याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून बायोसमध्ये डिस्कचं नाव स्वच्छ दिसतंय आणि सेटअपची यादी कोरी आहे, तर डिस्क बहुधा ठणठणीत असते. मधला दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, तेवढा हजर नसतो.

इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे घडतं. त्यांत डिस्कचा कारभार सांभाळणारी व्हीएमडी नावाची सोय कारखान्यातूनच चालू करून येते. एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, मग थेट समोर न येता व्हीएमडी कंट्रोलरच्या आड बसते. कंट्रोलर ओळखता आला नाही, तर मागची डिस्कही नाही. अशा वेळी दुसऱ्या संगणकावर इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर घ्यायचा आणि सेटअपमध्ये 'लोड ड्रायव्हर' दाबायचं. इथेच पुष्कळजण अडतात, कारण उतरवलेली ईएक्सई फाइल ते तशीच ठेवतात. सेटअपला लागते ती आतली आयएनएफ फाइल आणि तिच्या जोडीच्या एसवायएस, कॅट फाइली, उलगडून एकाच फोल्डरमध्ये ठेवलेल्या. योग्य फोल्डर दाखवला की कंट्रोलरचं नाव उमटतं, पुढे जाताच डिस्क आपल्या सगळ्या पार्टिशनांसह, म्हणजे कप्प्यांसह, समोर येते. जाणकार याला अजूनही 'एफ६ ड्रायव्हर' म्हणतात, कारण विंडोज एक्सपीच्या काळात सेटअप सुरू होताना एफ६ दाबून तो फ्लॉपीवरून द्यावा लागे.

बायोसमध्ये जाऊन व्हीएमडीच बंद करणं सोपं वाटतं. पण डिस्क पुसायचं पक्कं असेल तरच ते करावं. नाहीतर जुनं विंडोज निळ्या पडद्यावर अडकू शकतं, आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते.

बायोसलाच डिस्क दिसत नसेल तर गोष्ट वेगळी. केबल काढून पुन्हा नीट बसवावी, दुसरी लावून पाहावी. मदरबोर्डवर थेट बसणारी एम.२ एसएसडी असेल तर तो स्लॉट जुन्या सॅटा जोडणीसाठी आहे की नव्या एनव्हीएमईसाठी, हे मदरबोर्डच्या माहितीपत्रकात बघावं. फिरत्या डिस्कमधून ठरावीक अंतराने टक्‌टक्‌ ऐकू येत असेल आणि आतला डेटा हवा असेल, तर त्या क्षणी संगणक बंद करा. आतलं हेड जागा शोधत धडपडतं आहे, आणि प्रत्येक नव्या प्रयत्नात पत्र्यांवर ओरखडे पडण्याचा धोका आहे.

कधी डिस्क दिसते, पण सेटअप तिच्यावर बसायला नकार देतो. बहुतेकदा कारण असतं पार्टिशनांचा तक्ता ठेवण्याची जुनी एमबीआर पद्धत. १९८३ साली आलेल्या या तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत मावतो. ५१२ बाइटचा एक सेक्टर धरला तर सुमारे २.२ टीबीपलीकडे तिची नजर पोचत नाही. यूईएफआय, म्हणजे नव्या धाटणीच्या बायोसच्या, मोडमध्ये सुरू झालेल्या सेटअपला नवी जीपीटी पद्धतच हवी असते. डिस्कपार्ट या विंडोजच्याच साधनातली 'क्लीन' आज्ञा हा अडथळा दूर करते, पण ती 'नक्की ना?' असं विचारत नाही. त्या एका शब्दाने डिस्कवरची सगळी पार्टिशनं जातात. मी तर बाकीच्या डिस्क काढून ठेवल्याशिवाय ती आज्ञा लिहीतच नाही, आणि तरीही डिस्कचा आकार दोनदा वाचते.

विंडोज बसलं, तरी वायफायचा ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं की ही कोंडी बहुधा फुटते. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह असलेल्या ओळीचे हार्डवेअर आयडी उघडावेत. त्यात 'व्हेन'पुढे, म्हणजे कंपनीच्या क्रमांकाच्या जागी, ८०८६ असेल तर तो भाग इंटेलचा. १९७८च्या त्यांच्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच हा आकडा. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. पुढचा 'डेव्ह' आकडा नेमका नग सांगतो, आणि तो शोधला की हवा तो ड्रायव्हर सापडतो.

जुनं विंडोज अजून सुरू होत असेल तर ही शोधाशोध टळते. पुसण्याआधी विंडोजमध्येच असलेल्या पीएनपीयुटिल या साधनाच्या 'एक्सपोर्ट ड्रायव्हर' आज्ञेने वेगळे टाकलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढता येतात. तो फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यायला काही मिनिटं पुरतात.