फोंड्याचं घर आणि गिरगावची खोली

आमची एक आत्या जन्मभर गिरगावात भाड्याच्या खोलीत राहिली. लग्न केलं नाही. शाळेतली मैत्रीण बावीस वर्षं सोबतीला. किराण्यापासून डॉक्टरच्या बिलापर्यंत सगळा खर्च निम्मा-निम्मा. आत्या गेली आणि तिचा भाचा फोंड्याहून मृत्युपत्र घेऊन मुंबईला निघाला. आत्याने फोंड्याचं घर मला दिलंय, म्हणजे खोलीही माझीच, हा त्याचा हिशेब.

घर त्याला मिळालं. ती आत्याची मालमत्ता होती. आपल्या गोव्यात मुलं असली तर निम्मा हिस्सा मृत्युपत्राने बाहेर देता येत नाही. आत्याला ना मुलं, ना आईवडील, त्यामुळे तिने मनाप्रमाणे दिलं. वारस शेवटी उशाशी होता की लिस्बनला, हे इथे कोणी विचारत नाही.

भाड्याच्या खोलीत नेमकं हेच विचारतात. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय पहिला. तसा कोणी नसेल तरच वारस, आणि एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवतं. मृत्युपत्राचं काय? जुन्या 1947 च्या मुंबई कायद्याखाली सुप्रीम कोर्टाने 1994 मध्ये सांगितलं, की राहत्या जागेचा भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही. (गोव्यातल्या मुंडकाराचं, म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत राहणाऱ्याचं घर यात मिसळू नका. त्याला 1975 चा वेगळा कायदा आहे, आणि भाटकाराला घरभाडं देणारा त्यात बसतच नाही.)

खरी अडचण मैत्रिणीची. सोबत राहणारी तीच, पण ती ‘कुटुंबीय’ का? न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये ब्राश्ची खटल्यात दहा वर्षांहून जास्त एकत्र राहिलेल्या पुरुष जोडीदाराला भाडे नियंत्रणापुरतं कुटुंब मानलं. लग्नाचा दाखला नव्हे, तर एकत्र संसार, पैशाचा व्यवहार आणि एकमेकांवरचा भरवसा पाहिला. आपल्या सुप्रीम कोर्टानेही 2022 मध्ये, प्रसूती रजेच्या खटल्यात, अविवाहित जोडीदारांचं नातंही कुटुंब असू शकतं असं म्हटलं. पण ते भाड्याच्या खोलीबद्दल नव्हतं. माझ्या मते खोलीवर पहिला हक्क मैत्रिणीचाच. वकील मात्र पुरावे मागतो.

घरमालक तिच्याकडून भाडं घेत नाही. ती दर महिन्याला मनिऑर्डर करते, ती परत येते, आणि परतीच्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात जातात.