खातेदार हयात आहे, पण सही करता येत नाही: बँकेतून पैसे कसे काढायचे?

अर्धांगवायूच्या झटक्यात बाबांचा उजवा हात लुळा पडला. हॉस्पिटलचं बिल रोज वाढत होतं, पेन्शन खात्यात पडून होती आणि दादरच्या एका शाखेत काउंटरवरून उत्तर मिळालं, "सही जुळत नाही." नॉमिनी मीच होते. पण नॉमिनीचा हक्क खातेदार गेल्यावरच सुरू होतो, हे मला तिथे रांगेत उभं राहून कळलं.

रुग्ण शुद्धीवर असेल तर मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी हवा. ठसाही जमत नसेल तर चेकवर किंवा पैसे काढण्याच्या स्लिपवर नुसती खूण पुरते, साक्षीदारांची अट तीच. पैसे कोण नेणार हे खातेदारानेच सांगायचं. त्या व्यक्तीची ओळखही दोन साक्षीदारांनी पटवायची. सोबत अर्ज, पासबुक, खातेदाराचे व पैसे नेणाऱ्याचे आधार-पॅन आणि डॉक्टरांचा दाखला ठेवा, म्हणजे हेलपाटे वाचतात.

आमच्याकडे शेवटी एक अधिकारी बाई शाईचा पॅड घेऊन घरी आल्या. बाबांच्या कानाशी वाकून त्यांनी रक्कम दोनदा सांगितली आणि बाबांनी मान हलवल्यावरच अंगठा धरला. असा कर्मचारी भेटला तर शाखा व्यवस्थापकांना नावानिशी लेखी कळवा. मी कळवलं. तक्रारी रोज येतात, कौतुकाचं पत्र क्वचितच येतं.

रुग्ण कोमात असेल तर मात्र प्रकरण अवघड. मुखत्यारपत्र असलं तरी देणाऱ्याची समज गेल्यावर ते संपतं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 201 तसं सांगतं. मग फोर्टला उच्च न्यायालयात पालक नेमण्यासाठी याचिका करावी लागते. वैद्यकीय कागद, मालमत्तेची यादी आणि इतर वारसांची लेखी संमती तयार ठेवा.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असलेलं मूल 18 वर्षांचं झालं असेल, तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालक नेमण्यासाठी अर्ज होतो. मुंबई शहरासाठी कार्यालय फोर्टला, उपनगरासाठी वांद्रे पूर्वेला.

आई-वडील धडधाकट असतानाच खातं 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' असं संयुक्त करून घ्या. मुदत ठेवीला एवढ्याने भागत नाही: मुदतीआधी मोडायची तर दोघांच्याही सह्या लागतात.