इटलीच्या वाइनमध्ये सल्फाइट नसतात?

टस्कनीतल्या कियांतीची वाइन-टूर करून आलेले लोक हमखास सांगतात, "तिथली वाइन कितीही प्या, डोकं दुखत नाही. सल्फाइट फक्त निर्यातीच्या बाटल्यांत घालतात." हे खरं नाही. (सल्फाइट म्हणजे वाइन टिकावी म्हणून वापरलं जाणारं गंधकाचं संयुग; डोकेदुखीचा दोष त्यालाच दिला जातो.)

तिथल्याच दुकानातली बाटली उलटी फिरवा. मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत 'कोन्तिएने सोल्फीती', म्हणजे 'सल्फाइट आहेत', असं छापलेलं दिसेल. लिटरला 10 मिलिग्रॅमच्या वर सल्फाइट असतील, तर युरोपीय संघात 2005 पासून हे लिहावंच लागतं. मुळात द्राक्षरस आंबताना यीस्ट स्वतःच थोडे सल्फाइट तयार करतं, त्यामुळे पूर्णपणे सल्फाइटमुक्त वाइन जवळपास नसतेच. साध्या ड्राय, म्हणजे गोड नसलेल्या, रेड वाइनला तिथली मर्यादा लिटरला 150 मिलिग्रॅम, व्हाइटला 200. केशरी रंगाच्या सुकवलेल्या जर्दाळूत सल्फाइट याहून कितीतरी जास्त असतात, आणि ते खाऊन कुणी डोकं धरून बसत नाही.

मग तिथे त्रास का होत नाही? मला वाटतं, उत्तर ताटात आहे: दोन तास चाललेलं जेवण, पेकोरीनो चीज, ब्रेड, शेजारी पाण्याची बाटली आणि छोटे घोट.

दमेकऱ्यांनी मात्र जपावं. काहींना सल्फाइटने खरोखर धाप लागते, इटलीतही.